मंदाताईंच्या पातेल्यातली कढी

तुमच्याकडे कधी विस्तवाशिवाय बादली उकळलीय का? आमच्या मंडळात उकळलीय. अन्नपूर्णा भागातल्या आम्ही काही जणी दर महिन्याला एकत्र रांधतो, जेवतो. भांडी आणि आंबट एकत्र आलं की किस्से साठतच जातात!

* * *

बादली रेखाची. ही आमच्यात सगळ्यात लहान. फरशी धुवायचं तेजाब, म्हणजे ॲसिड, तिने पत्र्याच्या बादलीत ओतलं. बादली फसफसली, वाफा निघाल्या. बादली तापून उकळतेय असं वाटून रेखाने धावत जाऊन आधी स्वयंपाकघरातली शेगडी बंद केली.

* * *

मग तिने स्टीलच्या डब्यात चिंचेची चटणी भरली, वर ॲल्युमिनियमची फॉइल दाबून बसवली. सकाळी फॉइलला भोकं! तिने उंदराचा पिंजरा लावला. पुन्हा भोकं, पिंजरा रिकामा. शेवटी आमच्यातल्या जाणत्या मंदाताईंनी सांगितलं की आंबट लागलं की ॲल्युमिनियम विरतं.

"म्हणजे उंदीर बिचारा फुकट बदनाम झाला जी," रेखा म्हणाली.

* * *

पण गेल्या महिन्यात मंदाताईंवरच पाळी आली. मंडळाची कढी त्या सासूबाईंच्या पितळी पातेल्यातच करतात. आतली कल्हई उडालेली कुणी पाहिलीच नाही. कढी कळकली, हिरवट झाली, सगळी ओतून दिली. आम्ही कोरडी खिचडी गिळली. आमच्या अध्यक्षा वैशालीजी म्हणाल्या, आता हे भंगारात द्या, स्टीलचं घेऊ.

"कल्हई गेलीय, पातेलं नाही गेलं," मंदाताई म्हणाल्या.

* * *

आता कल्हईवाला शोधायचा कुठे? मंदाताई उन्हातून कृष्णपुऱ्यापर्यंत भांड्यांची दुकानं हिंडल्या. एक दुकानदार म्हणाला, "माँजी, नया ले लो, हल्का पड़ेगा."

"हलकं कुणी मागितलं?" म्हणून त्या पुढच्या दुकानात. दोन आठवडे असेच गेले. मग एकाने कल्हईवाल्याचा पत्ता दिला. पातेलं आतून चांदीसारखं होऊन परत आलं.

* * *

तरी या महिन्यात त्यातली कढी कुणी वाढून घेईना. वैशालीजींनी अट घातली: कढी रात्रभर यातच राहू द्या. सकाळी रंग बदलला, तर पातेलं भंगारात.

मंदाताईंनी झाकण ठेवलं. "ठीक आहे. पण नाही बदलला, तर पहिली वाटी तुमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीजींनी झाकण काढलं, वाटीभर कढी प्यायली आणि वाटी पुन्हा पुढे केली.