लोथरचं पथ्य

माझा मेहुणा लोथर नोस्के ऑस्ट्रेलियातल्या बारोसा खोऱ्यातला खाटीक. त्याच्यासारखं मेटवर्स्ट, म्हणजे धुरी देऊन मुरवलेलं सॉसेज, कुणाला जमत नाही असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत मोठ्यानं तोच म्हणायचा. माझी बहीण व्हर्ना परसात पार्सली, चाईव्ह, बेझिल असा चवीचा पाला लावायची. मांसावर पाला घालणं हा मांसाचा अपमान, असं त्याचं मत.

साठी उलटली आणि त्याच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. आधी त्यानं व्हर्नाच्या साबणाला दोष दिला. शेवटी ॲडलेडच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की मुरवलेल्या आणि शिळ्या अन्नात हिस्टामिन साठतं, ते त्याला सोसत नाही. मेटवर्स्ट, जुनं चीज, वाईन बंद. मांस ताजं, त्याच दिवशी शिजवलेलं. चवीला ताजा हिरवा पाला.

हा हसला, आणि मेटवर्स्टच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून जाऊन बसला. एकही तुकडा सोडला नाही. निकाल सांगताना तोंड बीटासारखं झालं, ओठ सुजले, शब्द फुटेना. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. टाळ्या वाजल्या. मग ॲम्ब्युलन्स आली.

त्यानंतर व्हर्ना रोज ताजी कोंबडी शिजवून वर पार्सली नि चाईव्ह चिरून घालू लागली. गांधी कमी झाल्या, आणि आमचा लोथर पंडित झाला. चर्चच्या चहाला उभा राहून पाला कधी खुडावा यावर व्याख्यान देई. व्हर्ना मागे कप विसळत असे. वाफे कुणाचे, असं कुणीतरी विचारलं.

"खुरपणं तिचं," तो म्हणाला. "डोकं माझं."

दुसऱ्या दिवशी व्हर्ना बॅग भरून आमच्या भावाकडे माउंट गॅम्बियरला निघून गेली. संध्याकाळी लोथरचा मला फोन.

"हिल्डा, चाईव्ह कुठलं गं? इथं सगळं हिरवंच दिसतंय."

"तूच शिकवतोस ना लोकांना?"

बारीक, लांब पात असते, कांद्याचा वास येतो, हुंगून बघ, असं सांगून मी फोन ठेवला. तरी राहवेना म्हणून जाऊन पाहिलं. त्यानं कुंपणालगतचं गवत बारीक चिरून कोंबडीवर पसरलं होतं आणि डोळे मिटून चावत होता.

"बघ," तो म्हणाला, "ताज्याची चवच वेगळी."

मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला पोटभर जेवू दिलं.