राखणदाराच्या पुढ्यातला गूळ

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगते. असे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा पहिल्यापासून शांत आणि नम्र असतात. मी तशी नव्हते, आणि त्या दिवशी तर मुळीच नव्हते. बावीस वर्षं मी संकष्टी केल्या, एकही चुकवली नाही. आणि पन्नाशीला टेकल्यावर देवानं काय दिलं, तर साखर! तीही रक्तात. रिपोर्ट घेऊन देवघरासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "हेच का रे तुझं देणं?" त्या दिवसापासून पूजा यजमानांच्या गळ्यात घातली आणि उपास बंद केले.

डॉक्टरांचाही मला राग होता. आधी म्हणाले, गोड बंद. मग औषध वाढवलं आणि म्हणाले, व्यायाम करताना साखर एकदम उतरू शकते, तेव्हा उपाशी जाऊ नका आणि खिशात काहीतरी गोड ठेवा. गोड बंद करायला सांगणारा हाच आणि खिशात ठेवायला सांगणाराही हाच! यजमानांनी लिमलेटच्या गोळ्या आणून दिल्या, त्या मी त्यांच्यादेखत शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या. मी काय बालवाडीत आहे? ते काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत, याचाही मला रागच येतो.

व्यायाम म्हणून जाड टायरची, गियरची सायकल घेतली. "ह्या वयात?" म्हणून आमच्या गावात, मिरजोळ्यात, चार जणींनी नाकं मुरडली, म्हणून तर हट्टानं चालवली. दर रविवारी सकाळी आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, तिथल्या उघड्या पठारावर, जायचे. तिथे कातळावरून एक वाट निघते, कड्याच्या काठानं समुद्र दाखवत जाते, खाली काजूच्या बागेत उतरते आणि मोठा वळसा घेऊन, चढ चढून, निघाली तिथंच परत येते. त्या जागी राखणदार आहे. सड्याची राखण करणारा देव. ना देऊळ, ना मूर्ती, ऐनाच्या झाडाखाली चिऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा केलेला एक दगड. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याच्यापुढं काहीतरी ठेवून मग पुढं जायचं, अशी रीत. यजमान दर रविवारी गुळाचा चांगला मोठा खडा कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकायचे. म्हणायचे, "तू मानू नकोस. माझ्या नावानं ठेव." मी ठेवायचे, पण सायकलवरून न उतरता, पेटीत पत्र टाकावं तसा.

त्या रविवारी घरून भांडूनच निघाले होते. "दोन घास खाऊन जा," एवढंच ते म्हणाले होते. पण मला कोणी सांगितलेलं चालत नाही ना! औषध घेतलं, खाल्लं काही नाही. राखणदाराशी पोचले तरी डोकं तापलेलंच. खडा काढला आणि मोठ्यानं म्हटलं, "घे! मला साखर दिलीस, आता तू गूळ खा. मजा आहे बाबा तुझी!" आणि तो त्याच्या पायाशी फेकून दिला. ठेवला नाही, फेकला. लिहितानाही लाज वाटते.

काजूच्या बागेतून वर चढताना हात थरथरायला लागले. आधी वाटलं, रागच अजून उतरला नाही. मग अंगाला गार घाम सुटला, वाटेवरचा तांबडा जांभा दगड डोळ्यांपुढं पांढरा दिसू लागला. फोनला रेंज नाही, आसपास माणूस नाही. सायकल तिथंच टाकली. त्यानंतरचा चढ मी कशी चढले, हे मला आजही सांगता येत नाही. शुद्धीवर होते-नव्हते, तेव्हा ऐनाचं खोड पाठीला लागलं होतं आणि गवताचा भारा खाली टाकून एक म्हातारी माझ्या तोंडाशी वाकली होती.

"काय झाला गो बाय?"

"साखर उतरलीय. गोड... काहीतरी गोड."

"गोड कुठनं आणू मी ह्या सड्यावर? माझ्याकडं भाकरी नि सुकट हाय." असं म्हणता म्हणता तिची नजर दगडापाशी गेली. माझाच खडा. मुंग्या लागलेला. तिनं उचलून पदरानं झटकला आणि माझ्या तोंडाशी आणला.

आणि मी तोंड फिरवलं! राखणदाराच्या पुढ्यातलं उचलायचं नाही, खायचं तर नाहीच, हे आईनं लहानपणी असं काही ठसवलं होतं की जीव जायची वेळ आली तरी दात उघडेनात. देव मानत नाही म्हणून गावभर सांगणारी बाई मी! म्हातारी भडकली.

"मरायचा हाय काय तुला? खा मुकाट्यान!" मग दगडाकडं वळून तिनं हात जोडले. "बा राखणदारा, तुझ्या पुढ्यातला उचलत्ये. हे लेकरू तुझ्या दारात पडलाय. राग धरायचा तर माझ्यावर धर." आणि खडा माझ्या तोंडात कोंबला. माती, मुंग्या आणि गूळ. तसली चव पुन्हा कधी लागली नाही. थोड्या वेळानं तिनं भाकरी भरवली, आणि मी हुंदके देऊन रडले.

घरी येऊन सगळं सांगितलं. "खडा पुरला ना?" यजमानांनी पहिलं हेच विचारलं. त्या प्रश्नानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी उसळलेच. "म्हणजे देवाच्या नावानं फसवत होतात मला? गूळ माझ्यासाठी होता?"

"फसवलं नाही गो," ते म्हणाले. "तुझ्या हातात दिला असता तर वाटून टाकला असतास. म्हणून त्याच्याकडं ठेवायला देत होतो."

"आणि मी राखणदाराच्या अलीकडंच पडले असते तर?"

"तर त्यानं आणलं असतं तुला तिथवर."

तो चढ आठवला आणि मी उठून दोघांची पानं वाढायला घेतली.

राग अजून आहे. संकष्टीचा हिशेब मी देवाला विचारणार आहे, सोडणार नाही. पण आता दोन घास खाऊन निघते, खिशात लिमलेट असतात. राखणदाराशी आले की सायकलवरून उतरते, पायातलं काढते, आणि खडा दोन्ही हातांनी त्याच्यापुढं ठेवून म्हणते, "सांभाळ रे बाबा. परत येत्येय."