डिस्कची जोडी

वर्तकनगरच्या आमच्या टाइपसेटिंगच्या ऑफिसात नव्वदच्या दशकात सर्व्हर आला आणि त्याच्यासोबत मलाही भाव आला. त्या मशीनमध्ये खाली-वर दोन हार्ड डिस्क होत्या, खणासारख्या ओढून काढता येणाऱ्या. एकीवर जे लिहिलं जाई, तेच त्याच क्षणी दुसरीवर उमटे. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राही. इंजिनिअरचं सगळं सांगणं मी एकटीने वहीत उतरवून घेतलेलं, म्हणून मालकांनी हे खातं माझ्याकडे दिलं. रोज सकाळी डोंबिवलीहून आले की पर्स खाली ठेवायच्या आधी मी ते दोन हिरवे दिवे बघायची. त्या खोलीत कोणी चहा घेऊन आलं तर त्याला बाहेर काढायची, मग ते मालक का असेनात. चोवीस वर्षांची होते आणि गरजेपेक्षा जास्त शहाणी होते. त्या दिव्यांची आठवण आली की अजूनही मला बरं वाटतं.

त्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी काम घेऊन आले, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. त्यांची थोरली बहीण धवलारीण होती, म्हणजे लग्नात प्रत्येक विधीची गाणी म्हणणारी बाई. वीस वर्षं तिच्याकडून ऐकून गुरुजींनी ती गाणी वह्यांत लिहून घेतली होती. आता तिला अर्धांगवायू झाला होता आणि वाचा गेली होती. ती आहे तोवर पुस्तक तिच्या हातात द्यायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

मी टाइप करायची आणि ते शेजारी बसून मला गायला लावायचे. चालीत म्हटल्याशिवाय ओळ कुठे तोडायची ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा आवाज यथातथाच. पलीकडच्या टेबलावरचे लोक लग्नपत्रिका टाइप करता करता हसायचे आणि मी डोळे वटारायची. पण घरी भाकऱ्या थापतानाही तीच गाणी तोंडात असायची.

गणपतीच्या आधी खालच्या डिस्कचा दिवा लाल झाला. इंजिनिअरला यायला वेळ होता, तोवर वरच्या एकटीवर काम चालणार होतं. खालचीवर मी ‘जुनी’ अशी चिठ्ठी चिकटवली. त्यानंतरच्या दिवसांत उरलेली सात गाणी टाइप झाली, ती अर्थातच फक्त वरच्या डिस्कवर.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, “वह्यांना वाळवी लागलीय. ठेवू का अजून?”

“कशाला गुरुजी? आमच्याकडे एकाला दोन आहेत,” मी ऐटीत म्हटलं. त्या दिवशी एकच होती, हे मला पक्कं माहीत होतं. पण दुसरी काय, आज ना उद्या सुरू होणारच होती.

पहिल्या पानावर गणपतीचं नाव लिहिलेल्या वह्या रद्दीत घालणाऱ्यातले गुरुजी नव्हते. अनंत चतुर्दशीला निर्माल्यासोबत त्यांनी त्या खाडीत सोडल्या.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात इंजिनिअरने केबल बदलली. डिस्क चांगली आहे, सणानंतर निवांत जोडी लावा, असं सांगून गेला. आमच्याकडे दसऱ्याला ज्याने त्याने आपलं हत्यार पुजायचं. कोणी कात्री ठेवली, कोणी कीबोर्ड. माझं खरं हत्यार पेटीच्या आत, म्हणून मी सर्व्हर रीतसर बंद केला, दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या, पाटावर मांडून गंध-फूल वाहिलं. चिठ्ठी फडक्यासोबत गेली, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही परत बसवल्या. स्क्रीनवर प्रश्न आला, कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर उतरवायचं? वरची चांगली, हे मला पाठ होतं. पण पाटावरून उचलताना अदलाबदल होऊन आता वरच्या खणात जुनी बसली होती. दोन तासांनी दोन्ही दिवे हिरवे झाले आणि मी खूश होऊन पुस्तकाची फाइल उघडली. सात गाणी नव्हती. जोडी अगदी इमानाने जुळली होती, दोघींनाही नेमकं तेवढंच आठवत नव्हतं. इंजिनिअर फोनवर म्हणाला, आता काही होणार नाही.

मी रिक्षा करून कोळीवाड्यात गेले आणि दारातच सगळं सांगितलं, त्या दिवशी एकच डिस्क चालू होती हेसुद्धा. गुरुजी उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, “वह्या तर मीच सोडल्या.” त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. मला रडू आवरेना.

आत खाटेवर त्यांची बहीण होती. ते तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “बाय, सात गानी गेली गो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने खाटेच्या कडेवर ठेका धरला. तो हळदीच्या गाण्याचा होता, मी लगेच ओळखला आणि भीत भीत म्हणायला लागले. चुकले की तिचा हात थांबायचा. गुरुजी लिहून घेत होते. पुढच्या गाण्यात मांडवाला आमंत्रणं होती. मी वहीत होतं तसं देवीपासून सुरू केलं, तर तिने हात उचलून खिडकीबाहेर खाडीकडे दाखवलं. पहिलं आमंत्रण खाडीला होतं. गुरुजींनी वीस वर्षं चुकीचं लिहून ठेवलं होतं. ते कपाळावर हात मारून हसले, आणि खाटेवरचा तो अर्धा चेहराही हसला.

आठवडाभर मी जात राहिले. पाच गाणी परत आली. उरलेल्या दोन्हींचा ती ठेका धरायची, पुन्हा पुन्हा धरायची, आणि माझ्याकडे शब्द नसायचे. गुरुजींकडेही नव्हते.

पुस्तकात त्या दोन गाण्यांची नुसती नावं छापली आणि खाली पानं कोरी ठेवली. पहिली प्रत आम्ही तिच्या मांडीवर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. गुरुजींनी ती कोरी पानं उघडून दाखवली आणि गाण्यांची नावं सांगितली. तिने पानावर बोटांनी ठेका धरला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही गाणी पूर्ण. आम्ही दोघं ऐकत उभे होतो.

पुढच्या वर्षी ती गेली. छापताना काही राहिलं का, असं त्या पानांबद्दल कोणी विचारलं, तर मी सांगते, हो, माझ्याकडून राहिलं.