प्लास्टरमधला पाय

माझ्या नवऱ्याला धावायचं वेड लागलं, तेव्हा आम्ही धुळ्याला देवपुरात राहत होतो. ते बँकेत, मी शाळेत शिकवायचे, मुलं लहान. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि यांनी कॅनव्हासचे बूट आणले. वजन वर्षभरात उतरलं. धावणं काही थांबेना. सकाळी पांझरेच्या पुलापलीकडे जाऊन यायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. ताप असला तरी जायचे. माझ्या भावाच्या लग्नात नवरदेव घोड्यावर बसला आणि थोरले जावई एरंडोलच्या रस्त्याला धावायला गेलेले!

आमचे सासरे, आबा, गावाहून आले की कपाळाला हात लावत. "कसाले पयस रे? मांगे कुत्रं लागनं का?" शेतात राबणाऱ्या माणसाला हे समजणं शक्यच नव्हतं. मला तरी कुठे समजत होतं?

मग नडगी दुखायला लागली. महिनाभर लंगडत धावले. शेवटी मीच भांडून जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. हाडाला बारीक चीर गेली होती. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. मला वाटलं, सुटले.

आठ-दहा दिवसांनी शाळेतून आले, तर न्हाणीत प्लास्टरचे दोन तुकडे. बादलीत पाय भिजवून माझ्या शिवणाच्या कात्रीनं कापलेलं. हे घरात नव्हते. तासाभरानं आले, पाय टम्म सुजलेला, चेहरा मात्र खुललेला.

"अहो, तुम्हाला काही वाटतं का?"

"थोडंच पळालो गं. एकदम मोकळं वाटलं."

मी भांड्यांची आदळआपट केली, दोन दिवस बोलले नाही. मग पुन्हा जळगाव. डॉक्टर काही वर्षं विलायतेत राहून आलेले. नवीन प्लास्टर घालून झाल्यावर ते मला बाहेर बोलावून म्हणाले, "तिकडे असे पुष्कळ पाहिलेत मी. बर्फात धावतात, पाय मोडला की लहान मुलासारखे रडतात. रागावून उपयोग नाही. दारूसारखंच असतं हे."

दारू परवडली असती. दारुड्याच्या बायकोची लोक कीव तरी करतात. मला मात्र आख्खी कॉलनी म्हणायची, "नशीबवान आहात वहिनी, साहेबांना एकही व्यसन नाही!"

परतीच्या एस.टी.त मी विचारलं, "नाही धावलात तर नेमकं काय होतं?" ते खिडकीबाहेर केळीचे मळे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "आपण कामातून गेलो असं वाटतं. दिवसभर तेच. बँकेत आकडे मांडतानासुद्धा." पहिल्यांदाच ते खरं बोलले असावेत. मला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना.

पाय बरा झाला. डॉक्टरांच्या अटीवर धावणं पुन्हा सुरू झालं: एकदाच, सकाळी, आणि रविवारी सुट्टी. ती सुट्टी ते पाळत, पण कशी! चहा पाणचट, भाजी खारट, पेपर उशिरा, मुलं दंगेखोर. या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या. असे पाच-सहा रविवार मी काढले. मग एका रविवारी चहाचा कप ठेवून ते तिसऱ्यांदा गॅलरीत गेले, तेव्हा मीच बूट आणून त्यांच्यापुढे आपटले.

"जा एकदाचे!"

ते गेले. मी दार लावून घेतलं आणि त्यांचा उरलेला चहा पिऊन टाकला. पाणचट नव्हता.