दोन कुंकवं

आमच्या ह्यांचा डावा डोळा लहानपणी देवी आल्या त्यात गेलेला. श्रीरामपुरात फोटोचं दुकान टाकलं तेव्हा लोक हसले. हे म्हणायचे, फोटो काढताना एक डोळा मिटावाच लागतो, माझा देवानंच मिटून दिलाय. बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत.

त्यांच्या कॅमेऱ्याच्या खिडकीत माणूस दुहेरी दिसायचा. भिंग फिरवत जायचं, दोन्ही चित्रं सरकत एकावर एक बसली की फोकस झाला. पण आतला बारका स्क्रू जरा हलला, तर खिडकीत एक दिसायचं आणि फोटो मात्र धुरकट यायचा. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी तपासणी ठरलेली. आधी गच्चीवरून साखर कारखान्याची चिमणी बघायची. लांबचं जुळलं की जवळचं. माझ्या शिवणाच्या टेपनं सहा फूट मोजून मला अंगणात उभी करायचे. माझं कुंकू हीच त्यांची खूण. हात पिठात असोत की पोर रडत असो, हलू नको म्हणून दम. मी कुरकुरायचे, पण खरं सांगते, इतकं निरखून आपल्याकडं कुणी बघतंय याचं मला भारी सुख होतं.

दुष्काळाच्या त्या साली आधीच लग्नं कमी, त्यात झाली त्यांचे फोटो बिघडायला लागले. नवरानवरी धुक्यात आणि मागचा वाजंत्री चकचकीत. एका मुलीच्या बापानं फोटो दुकानात आपटले आणि चारचौघांत म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. ह्यांनी सगळा राग कॅमेऱ्यावर काढला. स्क्रू फिरवून फिरवून थकले, तेव्हा पुण्याला कारागिराकडं धाडला. तो नीट होऊन परत आला.

दुसऱ्या दिवशी देवळाली प्रवऱ्याला लग्न होतं. तेही बिघडलं असतं तर दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं. मी अंगणात उभी राहिले. हे कितीतरी वेळ खिडकीला डोळा लावून बसले. मग म्हणाले, दोनच दिसतायत, त्या गाढवानं कामच केलं नाही. आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

माझं डोकंच फिरलं. कॅमेरा काढून घेतला, त्यांना माझ्या जागी उभं केलं आणि करंड्यातलं कुंकू त्यांच्या कपाळाला टेकवलं. खिडकीत दोन लाल ठिपके आले. भिंग फिरवलं तसे ते सरकले आणि एक झाले. भिंगावरचा आकडा बघितला, बरोबर सहा फूट. कॅमेऱ्यात काही खोट नव्हती. त्यांच्या आईचा एक डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गेला होता. तिला दुसरा तरी होता.

“किती दिसत्यात?” त्यांनी विचारलं.

दोन म्हणून मोकळं व्हावं असं फार वाटलं. “एकच,” मी म्हणाले. “कॅमेरा बरोबर हाय.”

आता चिडतील असं वाटलं. ते तसेच उभे राहिले, कपाळावर माझं कुंकू घेऊन.

“दिवाळीपासनं तुझं कुंकू मला दोन दिसतंय,” ते म्हणाले. “कॅमेऱ्यातनंच न्हाई. जेवाय वाढतीस तवा पन.”

त्यांनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिला.

“उद्या तू चल. हलू नका तेवढं मी सांगन. बघायचं तू.”