वरचीचं सुतक

परदेशी माणसांनी आपल्या चालीरीतींवर लिहिलेली पुस्तकं मी नोकरीत असताना बरीच वाचली. कॉलेजचं ग्रंथालयच माझ्या ताब्यात होतं. त्या लेखकांपैकी काहींना इथे नुसती घाण दिसते, काहींना नुसता आत्मा. आमच्या वरच्या मजल्यावर काही वर्षं राहिलेली पोलंडची बाई दोन्हींत बसत नव्हती. ती एवढंच विचारायची की हे कसं करायचं आणि कोणी करायचं. का करायचं, हे तिने कधी विचारलं नाही. ते बरंच झालं, कारण ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.

किल्ल्यावरच्या दगडी कोरीवकामाच्या जतनासाठी ती ग्वाल्हेरला आली होती. इंदरगंजच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही तिला भाड्याने दिल्या. सासूबाईंनी तिचं नाव विचारलं, एकदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. तेव्हापासून ती ‘वरची’ झाली. पोलंड आणि इंग्लंड यांत सासूबाई फरक करीत नसत. बर्फ दोन्हीकडे पडतं, असं त्यांचं म्हणणं.

सुटीच्या दुपारी दोघी तांदूळ निवडत बसायच्या. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही, शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, पानात मीठ कुठे आणि चटणी कुठे, हे सगळं ती तिथे शिकली. तिचं मराठीही सासूबाईंचंच, आमच्या ग्वाल्हेरचं, हिंदीच्या खांद्यावर हात टाकून चालणारं. “वहिनी, आज भाजी थोडी खारी होऊन गेली,” असं ती मला तोंडावर सांगायची. नणंदेखेरीज हे धाडस कोणी केलं नव्हतं. सासूबाईंना ती आमच्यासारखंच ‘आई’ म्हणे.

घराबाहेर मात्र ती पाहुणीच होती. गणपतीत तिला पंगतीत वाढायचं असायचं, पण कार्यकर्ते तिला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवून शाल घालायचे, वर भाषणही ठोकायचे. मिळालेली शाल ती सासूबाईंना आणून द्यायची आणि हिवाळ्यात सासूबाई त्या शालींनी कूलर झाकून ठेवायच्या. इतका उपयोगी सत्कार मी दुसरा पाहिला नाही.

थंडी पडायला लागली आणि सासूबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरची ओल्या केसांनी खाली आली. रात्री ती जमिनीवर झोपली होती, स्वतःच्या खोलीत खिडकीशी देवापुढे रोज लावायची तो दिवाही तिने लावला नव्हता. आणखी काय काय पाळायचं, असं तिने मला विचारलं. माझ्या आधी मोठ्या दिरांनी उत्तर दिलं. ते इंदूरहून आले होते, आणि कोणत्याही प्रसंगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आपोआप जातं.

“छे छे, तुम्हाला सुतक नाही,” ते म्हणाले. “ते फक्त घरच्यांना. तुम्ही अगदी मोकळ्या आहात.”

ते मायेनेच बोलले होते. पाहुण्याला आपलं ताट उचलू देत नाहीत ना, तसंच. मी म्हटलं, पाळते म्हणते आहे तर पाळू दे की तिला.

“सुतक म्हणजे काय प्रसाद आहे, मागेल त्याला द्यायला?” दीर म्हणाले.

मग प्रश्न आला देवांचा. सुतकात घरच्यांनी पूजा करायची नाही, बाहेरच्या कोणीतरी करायची. पूर्वी समोरचे लोक करीत. ते घर विकून पुण्याला गेले आणि तिथे आता कोचिंग क्लास चालतो. माझी मुलगी म्हणाली, “काका, वरचीला सब कुछ आता है. तिलाच करू दे ना.” गुरुजींना फोन झाला. त्यांनी जरा घुटमळून होकार दिला. म्हणजे तिला सुतक नाही ही फार सोयीची गोष्ट निघाली.

दहा दिवस ती पूजा करीत होती. रोज पाटणकर बाजारातून फुलं आणायची, अंघोळ करून खाली यायची. दिरांनी तिचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. आमच्या देवांना एवढे भाविक कधी मिळाले नव्हते. केवढा मान दिला तिला, असं जो तो म्हणत होता.

आम्ही बाकीचे सतरंज्यांवर बसून असायचो. एकाच पातेल्यातलं साधं जेवायचो, सासूबाईंच्या गोष्टी सांगत रडायचो, मधेच हसायचो, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकायचो. ती आमच्यामधून पूजेचं तबक घेऊन जाताना ओढणी आवरून धरायची. आमचा स्पर्श झाला तर पूजेला चालत नाही, हे सासूबाईंनीच तिला शिकवलं होतं. एकदा नणंद तिला जवळ घ्यायला उठली, तर ती दोन पावलं मागे सरली आणि तबकाकडे बोट दाखवलं. त्या दहा दिवसांत त्या घरात कोणी जवळ घेतलं नाही असं माणूस एकच होतं.

सुतक फिटलं, पूजा परत माझ्या नवऱ्याकडे आली. तेराव्याला गोडाचं जेवण होतं. दिरांनी तिला साडी दिली आणि घरच्यासारखं केलंत म्हणून छोटंसं भाषण केलं. तिने साडी घेतली, वाकून नमस्कार केला आणि पानावर बसली. श्रीखंड आलं तेव्हा तिने पानावर आडवा हात धरला.

“दादा, तुमचं झालं,” ती म्हणाली. “माझं आजपासून.”

अशी सोय शास्त्रात नाही, हे दीर तिला समजावू लागले. दोन वाक्यांनंतर त्यांच्या लक्षात आलं की ती उठून वर गेली आहे. वाढणारे थांबले होते. मग कोणीतरी पुऱ्या गरम आहेत म्हणालं आणि पंगत पुढे सरकली.

संध्याकाळी वरच्या खिडकीत दिवा दिसला नाही. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं असतं. मी पिठलं-भात केला, डब्यात भरला आणि जिना चढले. तिने दार उघडलं. केस मोकळे होते, डोळे सुजलेले. सतरंजी जमिनीवर अंथरलेली दिसली. मला त्या सतरंजीवर तिच्याजवळ बसायचं होतं. पण अशा घरी आलेल्याला ‘या’ म्हणत नाहीत, आणि तीही म्हणाली नाही. डबा तिने उंबरठ्यावरूनच घेतला. अशा घरून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. मी काही न बोलता खाली आले.