कपाचा वार चुकला

माझी मुलगी एल्वाना नगरपालिकेत आहे. घरात मार खाणाऱ्या बायकांना पोलीस, कोर्ट, आसराघर इथपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. पालिकेनं तिला खोली दिली, दारावर पाटी लावली. पण समोरच कॉफीचं दुकान, आणि तिथे गावातले झाडून सगळे पुरुष दिवसभर बसलेले. त्या दारातून आत शिरायची कुठल्या बाईची छाती होणार? पहिला अख्खा हिवाळा एल्वाना खोलीत एकटीच बसून होती.

मग ती स्वतःच घरोघरी कॉफीला जाऊ लागली. दारात आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे कुणी तसंच परत पाठवत नाही. पण सुनेशी एकटीशी बोलायला मिळत नाही, सासू शेजारी बसणारच. तेव्हा एल्वानानं आजीकडून शिकलेली विद्या बाहेर काढली. प्यायलेला कप पालथा घालायचा आणि तळाशी उरलेल्या कॉफीच्या गाळाच्या रेघांवरून भविष्य सांगायचं. मी गणिताची शिक्षिका. राजधानीत, तिरानाला पाठवून शिकवलं ते गाळ उपसायला का, असं मी तिला टोचलंही. ती म्हणाली, "आई, कागद पुढे केला की बाई गप्प होते. कपात सगळ्याच डोकावतात."

म्हाताऱ्या हाय्रियेच्या घरी भर उन्हाळ्यात तिची सून लुम्तुरी गळ्याशी रुमाल घट्ट गुंडाळून कॉफी घेऊन आली. सगळ्यांची पिऊन झाल्यावर एल्वानानं लुम्तुरीचा पालथा कप उचलला. रस्ता दिसतोय म्हणाली. बाजाराचा दिवस, बेकरीची मागची बाजू, तिथे एक पांढरी गाडी, तुला लांब नेणारी. लुम्तुरीनं उचललेला ट्रे पुन्हा खाली ठेवला. म्हातारी विणत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"पोरी, तुझ्या कपाचा वार चुकला," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी अगिम दुपारपर्यंत घरातच लोळत असतो. शुक्रवारी गिरणीवर जातो."

अगिम म्हणजे तिचा मुलगा, लुम्तुरीचा नवरा.

"मावशी, तुमचा कपही बघू का?" एल्वानानं कसंबसं विचारलं.

"माझा बघून काय करतेस? माझ्या वेळी कप होते, वाचणारं कुणी नव्हतं."

घरी येऊन एल्वानानं हे मला सांगितलं. शेवटी म्हातारी अगिमची आई, मुलाच्या कानावर घालणार नाही कशावरून? शुक्रवारी गाडीपाशी तोच उभा असला तर? एल्वाना म्हणाली, पोलीसबाई सोबत असेल. मला त्यानं धीर येईना. त्या आठवड्यात मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

शुक्रवारी लुम्तुरी गाडीपाशी आली, लहान लेकीचा हात धरून. पोरीच्या अंगात जाड लोकरी स्वेटर, घामानं चेहरा लालबुंद. एक बाही दुसरीपेक्षा आखूड होती. आजीनं घातला, पोर म्हणाली, काढायचा नाही म्हणून सांगितलंय, पुढे थंडी येईल.

त्या दोघी सुखरूप आहेत. पण अगिम आता गावभर विचारत फिरतोय, आपल्या घरी कोणकोण येऊन गेलं. आणि आज एल्वाना पुन्हा तिथेच कॉफीला गेली. मी दार अडवून उभी राहिले.

"नेहमीची पाहुणी एकदम यायची बंद झाली, तर तो काय समजेल?" ती म्हणाली. "म्हातारी एकटीच आहे त्याच्यासमोर."

ऊन उतरलं तरी ती आलेली नाही. मघाशी मी माझी कॉफी संपवली आणि कप बशीवर पालथा घातला. उचलून बघायचं धाडस होत नाही. येईल ती, तीच उचलेल.